पाकोळीचा हात

१

खोका उघडताना भिंगताई बोलत नसे. लिलावघराच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली तिची खोली होती. एक लांब टेबल, त्यावर करड्या रंगाचं जाड कापड, दोन्ही बाजूंना उंच दिवे. फोटोवाला कॅमेरा सुरू करून मान हलवायचा, मग ती पातीचं टोक चिकटपट्टीखाली सरकवायची. उद्या कोणी म्हणायला नको, की तुमच्याच हातून मोडलं. तिच्या गळ्यात काळ्या दोरीला भिंग असे. खरं नाव घरच्यांपुरतं उरलं होतं.

लोक हौसेने जमवतात ते कॉमिकमधल्या नायक-नायिकांचे पुतळे तपासणं, हे तिचं काम. अस्सल की नकली, रंग मूळचा की मागून मारलेला, कुठे तडा, कुठे डिंक. या कामात तिची नजर चुकत नाही, असं सगळे म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटायचं.

त्या दुपारी स्टुलावर एक माणूस बसला होता. लिफ्ट दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा. रुंद खांदे, ग्रीसने कायमची काळी झालेली नखं. खोका त्याच्या मोठ्या बहिणीचा. तो तिला अक्का म्हणायचा. ती शाळेत गणित शिकवायची, एकटी राहायची, आणि काही महिन्यांपूर्वी घरातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती.

"कधीच उघडला नाही?" भिंगताईने न राहवून विचारलं. चिकटपट्टी कारखान्यातलीच होती, कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"नाही. अक्का म्हणायची, खोका दोन माणसांचा आहे. तू ये, मग उघडू."

"मग?"

"मग काय. मी येतो येतो म्हणत राहिलो. रविवार काय, दर आठवड्याला येतो."

फोटोवाला खाकरला. आतल्या खोक्यावर रंगीत चित्र होतं: कॉमिकमधली नायिका, पाकोळी. पिवळे हातमोजे, पंखांसारख्या रुंद बाह्या. उंच कठड्यावर एक गुडघा टेकून तिने उजवा हात खाली लांब केला आहे, खाली लोंबकळणाऱ्या कुणाला तरी वर ओढून घ्यायला. तो कोण, ते चित्रात दिसत नव्हतं.

थर्माकोलचे दोन भाग एकमेकांत बसवलेले होते. वरचा भाग उचलताना तो असा किंचाळला, की तिघांच्याही दातांतून कळ गेली. आत पाकोळी निजल्यासारखी उताणी होती. रंग ताजा, डोळे स्वच्छ, चेहरा चित्रातल्याहून थोडा दमलेला.

आणि उजवा हात छातीशी दुमडलेला.

खालच्या थर्माकोलमध्ये खांद्यापासून खोक्याच्या कोपऱ्यापर्यंत हाताची लांब खोबण होती. बाहीची रुंदी, कोपराचा बाक, पसरलेली बोटं, सगळं कोरलेलं. ती खोबण रिकामी होती.

"अरे वा," फोटोवाला म्हणाला, "बाईंनी हात आखडता घेतला की!"

कोणी हसलं नाही.

२

प्रत्येक गोष्टीला कारण असतं, असं भिंगताई नेहमी म्हणे. इथेही असणारच. एकाच कारखान्यात दोन ठेवणींचे पुतळे निघतात, बांधणाऱ्याने चुकीच्या थर्माकोलमध्ये चुकीचा पुतळा घातला, झालं. तिने बैठकीखालचा क्रमांक पाहिला, मग थर्माकोलवर छापलेला. दोन्ही एकच.

बरं. मग कुणी तरी हात कापून दुमडलेला बसवला असेल. तिने दिवे मालवले आणि जांभळा दिवा खांद्यावर धरला. जुना डिंक त्या उजेडात पांढरा चमकतो, मागून लावलेला रंग डागासारखा उठून दिसतो. काही चमकलं नाही. भिंगाखाली खांदा, दंड, कोपर इंच इंच पाहिलं. सांधा नव्हता. हात जणू असाच घडला होता.

"काय निघालं?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"अस्सल आहे," ती म्हणाली. "फक्त चित्राशी जुळत नाही."

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली नाही. थर्माकोलचा वरचा भाग तिने उलटा करून पाहिला होता. पाकोळीच्या छातीवर येणारा तो भाग कारखान्यात सपाट कोरलेला होता. पण आता तिथे मुठीएवढा खळगा होता. कोरलेला नव्हे. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबल्यावर थर्माकोल जसा दबून गुळगुळीत होतो, तसा. आणि त्याच्या आजूबाजूला आणखी लहान लहान खळगे, हात आत घेताना वाटेत टेकल्यासारखे.

प्रवासात हिंदकळला असेल, तिने मनाशी म्हटलं. हिंदकळणारी वस्तू दाबते, घासते. बरोबर. पण हिंदकळणारी वस्तू घडी घालून हात जवळ घेत नाही, हेही तिला कळत होतं.

३

फोटोवाला बॅटरी आणायला गेला तेव्हा लिफ्टवाला स्टुलावरून उठला.

"लहानपणी आम्ही हाच खेळ खेळायचो," तो म्हणाला. "कॉमिक यायचं ते आधी अक्काच्या हातात. ती मोठ्याने वाचायची, सगळे आवाज काढून. मग ती माळ्यावर चढायची आणि मी शिडीवर लटकायचो. पाकोळी प्रत्येक गोष्टीत म्हणते ना, 'पकड!' तसं अक्का ओरडायची. मी मुद्दाम उशीर करायचो, तिचा हात लांबच्या लांब राहायचा. 'पकड रे गाढवा, माझा खांदा निखळेल!'"

तो हसला. हसता हसता त्याने आपला हात त्या रिकाम्या खोबणीत ठेवला. बाहीमुळे खोबण चांगली रुंद होती, त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला. बोटांच्या जागी बोटं.

त्याचं हसू थांबलं.

"गरम आहे," तो म्हणाला.

"थर्माकोल तसाच लागतो," भिंगताईने लगेच सांगितलं. "आपलीच ऊब आपल्याला परत देतो."

"आपली ऊब यायला वेळ लागतो ना मॅडम? ही आधीपासून आहे."

"दिवे तापलेत."

त्याने मान डोलावली, पण हात काढला नाही. बाहेर पावलं वाजली तेव्हा काढला, आणि तळहाताकडे पाहत राहिला.

तो गेल्यावर भिंगताईने हातमोजा उतरवला. ती स्वतःला म्हणाली, पाहायला काय हरकत आहे. दिवे बंद होऊन बराच वेळ झाला होता, टेबलाची पत्र्याची कड गार पडली होती. खोबणीत मनगटाच्या जागेपर्यंत थर्माकोल नुसता थर्माकोल होता. त्याच्या पुढे, तळहाताच्या जागी, आत्ताच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी ऊब होती.

४

पुतळा परत बांधायचा तर तो नीट बसला पाहिजे. वरच्या भागातला खळगा मुठीपुरताच होता, दुमडलेल्या हातावर तो दाबला तर हातच मोडायचा. म्हणून तिने वरच्या भागात त्या हातापुरती जागा कोरायची, आणि खालची लांब खोबण भरून टाकायची, असं ठरवलं. रिकामी जागा राहिली की वस्तू हलते. रीतसर काम होतं, अनेकदा केलेलं.

लिफ्टवाल्याला तिने फोनवर तसं कळवलं.

"भरायलाच हवी का?" त्याने विचारलं.

"नाही भरली तर वाटेत आपटेल."

"मी मांडीवर घेऊन जाईन. ती जागा तेवढी राहू दे, मॅडम. कशाला बुजवायची?"

"अहो, मोडलं तर मलाच बोल लावाल."

तो म्हणाला, "तुम्हाला जास्त कळतं."

तिने थर्माकोलचे तुकडे कापले, कोपराच्या बाकात एक, बाहीच्या रुंदीत दोन, बोटांच्या जागी चुरा दाबून बसवला. शेवटचा तुकडा काही केल्या बसेना. ती अंगठ्याने दाबायची आणि तो हळूच वर यायचा. तिने वरून चिकटपट्टीच लावली.

तुम्हाला जास्त कळतं, हे त्याचं वाक्य दिवसभर तिच्या डोक्यात घोळत राहिलं. तो टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवाल्याने चहा आणला. दोघं टेबलाशी उभे होते. खोका मागच्या कोठाराच्या फळीवर होता, दार लोटलेलं.

आतून आवाज आला. थर्माकोलवर थर्माकोल घासल्याचा.

"उंदीर," फोटोवाला म्हणाला.

पुन्हा आला. लांब, ओढलेला, मग थांबलेला. उंदीर अशी वाट पाहत नाही. जोर लावावा, दम घ्यावा, पुन्हा जोर लावावा, असं चाललं होतं. रस्त्यावरून एक गाडी भोंगा वाजवत गेली, तिच्या मागून परत तोच आवाज.

"भिंगताई, तुम्ही जा पुढे. मी कॅमेरा घेतो."

"घे की."

"नको. राहू दे," तोच म्हणाला.

फळीवरचा खोका बंद होता. दोघांनी तो खाली घेतला. वरचा भाग निघताच पांढरे मणी भुरभुरत बाहेर आले, त्यांच्या बाह्यांना चिकटले, चहाच्या कपात पडले. तिने भरलेली खोबण पुन्हा रिकामी होती. चिकटपट्टी फाटलेली. आत घातलेले तुकडे चुरडून एका बाजूला सारलेले, जसं कुणी झोपायच्या आधी अंथरुणावरचा पसारा सारतं.

हात छातीशीच होता. फक्त पिवळ्या बोटांच्या मधल्या फटींत पांढरे मणी भरले होते.

"स्थिर विजेने चिकटतात ते," भिंगताई म्हणाली. "कुठेही चिकटतात. माझ्या बाहीवर बघ."

"हो," फोटोवाला म्हणाला. "पण तुमच्या बोटांच्या फटींत नाहीत गेलेले."

तिने बारीक कुंचल्याने मणी झटकले. एकेक बोट साफ केलं. पाकोळीचा चेहरा दिव्याखाली होता तसाच होता, आणि तरी भिंगताईला वाटलं, की आपण कुणाच्या तरी घरात, न विचारता, आवराआवर केली आहे.

खोबण तिने पुन्हा भरली नाही.

६

लिफ्टवाला खोका न्यायला आला तेव्हा कामाच्या कपड्यांतच होता. लिलावात द्यायचा विचार त्याने सोडला होता. अक्काच्या घरीच ठेवणार होता.

"वर कसा नेणार?" भिंगताईने विचारलं. "तिथे लिफ्ट आहे ना?"

"लिफ्टवाल्याची बहीण, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही," तो म्हणाला. "जगाला वरखाली केलं आणि अक्का आयुष्यभर जिने चढली."

मग तो घुटमळला. खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही याल का माझ्याबरोबर? फार वेळ नाही. तिच्या खोलीत उघडायचा आहे. मी एकटा... म्हणजे, दोन माणसांचा खोका आहे ना."

त्याला भीती वाटत होती, हे तिला दिसलं. भीती आणि ओढ, दोन्ही. आणि तिलाही जायचं नव्हतं. तो आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता, त्या बोटांकडे पाहायचं नव्हतं. टेबलावर दुसरं काम पडलं होतं, त्याच्याकडे तिने हात केला.

"आज जमणार नाही हो. पुढच्या आठवड्यात नक्की येते."

त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आपण काय बोललो ते तिला त्याच क्षणी कळलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

"या सवडीने," तो मऊपणे म्हणाला. "मी कळवतो."

लिलावघराच्या पहारेकऱ्याने एक बाजू धरली. खोका दाराबाहेर गेला.

७

फोन आला तो दुसऱ्या दिवशी, भर दुपारी.

"मॅडम, हात पुढे आलाय."

त्याचा आवाज शांत होता, पण जवळून येत नव्हता. फोन जमिनीवर ठेवून बोलत असावा.

"म्हणजे आता साच्यात बसतोय?" तिच्या तोंडून हेच निघालं.

"बघितलं नाही. वरचं झाकण तसंच आहे. मी नुसता कडेने हात घातला सकाळी." तो थांबला. रडत होता की हसत होता, ते समजेना. "पकडलाय. चांगला घट्ट पकडलाय."

"सकाळी? तुम्ही सकाळपासून तसेच बसलाय?"

"आडवा झालोय. गार वाटतंय जरा. पण ठीक आहे. तुम्हाला कळवतो म्हटलं होतं ना, म्हणून."

त्याच्या बोलण्यामागे तो आवाज चालू होता. थर्माकोलवर थर्माकोल. आता त्यात घाई नव्हती.

भिंगताई गळ्यातलं भिंग न काढताच धावली. पत्ता कागदांवर होता. जिने चढताना तिला धाप लागली. दार नुसतं लोटलेलं होतं.

खोलीत लख्ख ऊन होतं. भिंतीभर कॉमिक, पाठीला पाठ लावून नीट रचलेली. खिडकीशी एक खुर्ची, तिच्या पाठीवर घडी केलेली शाल. खाली फरशीवर खोका, आणि खोक्याला बिलगून तो कुशीवर पडलेला. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत थर्माकोलच्या दोन भागांच्या मध्ये गेला होता. खांद्यापर्यंत. तिला ती खोबण माहीत होती. तिच्यात एवढा हात जाणं शक्य नव्हतं. त्याचे ओठ निळे पडले होते. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं समाधान, की क्षणभर तिला वाटलं, आल्या पावली परत फिरावं.

तेव्हा त्याचं अख्खं अंग बोटभर आत सरकलं.

"अहो! उठा!" तिने त्याचा खांदा धरला. तो बर्फासारखा होता.

"थांबा," तो डोळे न उघडता म्हणाला. "थोडं राहिलंय."

तिने वरच्या भागाखाली बोटं खुपसली. तो निघेना. चिखलात रुतलेल्या बुटासारखा तो आतून धरलेला होता. तिने गुडघा टेकला, सगळा जोर लावला, आणि तो किंचाळत वर आला.

तिने जे पाहिलं ते पापणी लवेपर्यंत पाहिलं. त्याच्या हातात हात होता. पिवळा हातमोजा नव्हता त्यावर. उघडा होता, बाईचा होता, त्या पुतळ्याला मोठा होईल असा. बोटांच्या पेरांत खडूची पांढरी भुकटी बसली होती. आणि तो हात लिफ्टवाल्याला घट्ट धरून होता.

भिंगताईने डोळे मिटून त्याला मागे ओढलं.

फांदी मोडावी तसा आवाज झाला. दोघंही फरशीवर आपटले. मग खोलीत इतकी शांतता पसरली, की खालच्या मजल्यावर कुणी भांडी लावत होतं तेही ऐकू आलं.

पाकोळी साच्यात होती. उजव्या खांद्यापाशी तुटलेली.

लिफ्टवाल्याने डोळे उघडले. आधी खोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या ओठांना हळूहळू रंग येत होता.

"मी बोलावलं तेव्हा तुम्ही आला नाहीत," तो म्हणाला. त्या आवाजात राग नव्हता. "आणि आता आलात."

८

तुटलेला हात सापडला नाही. तिने थर्माकोलमध्ये शोधलं, फरशीवर, कपाटाखाली, त्याच्या बाहीतसुद्धा. कुठेच नव्हता. खांद्याची तुटलेली जागा भिंगाखाली पाहिली, तर नुकत्या तुटलेल्या वस्तूची धारदार कड तिला नव्हती. कडा झिजलेल्या, धूळ बसलेल्या, वर्षानुवर्षांच्या. ते पाहून तिने भिंग खाली ठेवलं, आणि याबद्दल फोटोवाल्यालाही काही सांगितलं नाही.

आपण त्याचा जीव वाचवला, असं ती स्वतःला समजावते. डॉक्टरही म्हणाले, अंग फार गार पडलं होतं, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. हे सगळं खरं आहे. पण तो मिटल्या डोळ्यांचा चेहराही खरा होता, आणि पुढच्या आठवड्यात येते म्हटलं होतं तेही. त्या दिवशीच ती बरोबर गेली असती, खोक्याची दुसरी बाजू धरून बसली असती, तर कदाचित इतकं आत जायची पाळी आली नसती. भेट झाली असती आणि संपलीही असती, जशा भेटी संपतात. आता कोण सांगणार?

लिफ्टवाला बहिणीच्याच घरी राहायला आला आहे. डाव्या हाताने काम करतो. उजवा हात अर्धा मिटलेला असतो, बोटं कशाभोवती तरी वळलेली. नसा आखडल्या, असं डॉक्टरांचं म्हणणं. भिंगताई अधूनमधून जाते. तो दार उघडतो, चहा करतो, कॉमिकबद्दल बोलतो. एका हाताने कपबशी आणताना तो तिला मदत करू देत नाही.

परवा तिने धीर करून विचारलं, "दुखतो का हो?"

"नाही," तो म्हणाला. "सुरुवातीला पकड घट्ट होती. रात्री कूस बदलली तरी कळायचं, हात धरलाय. आता सैल होत चाललीये. रोज थोडी थोडी."

तिने नकळत आपला हात त्याच्या त्या हाताकडे पुढे केला.

त्याने पाहिलं. वाईट वाटू नये इतपत हसला, आणि मिटलेला हात हळूच बाजूला घेतला.

"नको ताई," तो म्हणाला. "अजून जागा रिकामी झालेली नाही."